मदत हवी आहे : नव्या आवृत्तीतून 'शेकडा' गेला, पट्ट्यांना रात्रीचे दहा वाजताहेत

गाळा_आणि_वही

नमस्कार. नाशिकच्या मार्केट यार्डात पालेभाजीच्या एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल लिलावाने विकून देणाऱ्या पेढीवर, मी १९ वर्षं हिशोब बघते. आधी वडील तिथेच दिवाणजी होते. त्यांच्या हाताखाली वहीवर शिकले, मग कॉम्प्युटर आला. प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, पण तो कळायला आमची संध्याकाळ आधी सांगावी लागेल. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

दिंडोरी, पेठ, गिरणारे, सिन्नरकडून दुपारनंतर गाड्या यायला लागतात. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात. बोली लागते ती शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांना इतके रुपये. लिलाव एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत जातो आणि चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येत राहतात: शेतकरी, जिन्नस, जुड्या, भाव, व्यापारी. मी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाची पावती, करायची, शेतकऱ्याने पैसे मोजून घ्यायचे आणि घरची वाट धरायची. आवक जास्त असली की १८० पट्ट्या होतात.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माउसला हातच लावावा लागत नव्हता. खाते नंबर, एंटर, जिनसाचा कोड, एंटर, जुड्या, एंटर, भाव, एंटर. एकच व्यापारी ओळीने आठ-दहा ढीग घेतो, तेव्हा एफ-४ दाबलं की मागच्या नोंदीतला व्यापारी आपोआप यायचा. चारेकशे शेतकऱ्यांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. चिठ्ठीवर नजर, बोटं कीबोर्डवर, पडद्याकडे बघायचं ते फक्त शेवटी रकमेसाठी. पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सलग कागदावर भराभर निघायची, कार्बनसकट तीन प्रती. मथळे आधीच छापलेले, आत नाव आणि आकडे.

यंदा १ एप्रिलला कंपनीने नवी आवृत्ती दिली. ती ब्राउझरमध्ये उघडते. मालकांना मोबाइलवर दिवसाची उलाढाल दिसते, त्याचा त्यांना खरंच उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. पण खाते नंबराने शोधणं गेलं. आता नाव टाइप करायचं आणि खाली उघडणाऱ्या यादीतून माउसने निवडायचं. 'गायकवाड' लिहिलं की चाळीस नावं समोर येतात. एफ-४ गेलं. एंटरने पुढच्या रकान्यात जाता येत नाही. त्याच प्रिंटरवर पट्टी आता सावकाश निघते. आणि एककाच्या यादीत किलो, क्विंटल, जाळी, नग एवढंच आहे. शेकडा नाही.

मी घड्याळ लावून बघितलं. जुन्यात एका पट्टीला १५ सेकंद लागायचे, आता ४५. अर्धं मिनिट म्हणजे काय मोठं, असं कंपनीतला मुलगा म्हणाला. १८० पट्ट्यांना तो दीड तास होतो. साडेआठला संपणारं काम दहाला संपतं.

दुसऱ्याच आठवड्यात चूक झाली. गावठी कोथिंबिरीच्या ३४० जुड्या, भाव १,८५० शेकडा. रक्कम ६,२९० व्हायला हवी. नव्यात 'नग' धरून भाव १८.५० लिहायचा, पण कानाने १,८५० ऐकलेलं, बोटांनी तेच टाकलं. पट्टी निघाली ६,२९,००० ची. शेतकऱ्यानेच दाखवली. जुन्यात त्याच पट्टीवर जाऊन भाव बदलला असता. नव्यात पट्टी रद्द करा, कारण लिहा, नव्या नंबराची पट्टी करा. मागे रांग उभी. तेवढ्यात त्यांच्या गावच्या तिघांनी मिळून केलेली पिकअप पेठकडे निघून गेली आणि ते गृहस्थ रात्री यार्डातच झोपले. साठीच्या पुढचे आहेत. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

बदल नकोच, असं माझं म्हणणं नाही. जुलै २०१६ मध्ये भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची बंद होऊन खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तेव्हा पट्टीचा साचा एका रात्रीत बदलला. पुढच्या जुलैत जीएसटी आला. दोन्ही वेळा शिकले, कारण बाहेरचा नियम बदलला होता. या वेळी बाहेर काही बदललेलं नाही.

कंपनी म्हणते, जुनं आता मिळणार नाही, आणि पट्टी दुरुस्त करणं कायद्यानेच बंद झालंय. हे खरं आहे का? जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवता येईल का? नाहीच जमलं, तर नव्यात हात चालेल असं काही करता येईल का? सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बोलणं अजून चालू आहे, आणि फोनवरचा तो मुलगा निदान ऐकून घेतो.

अंबडचा_फिटर

ताई, आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं असंच झालं. शेवटी एक जुना कॉम्प्युटर तसाच ठेवला, नेटची वायर काढून. जुनी कामं आली की त्यावरच उघडतो. तुमचा जुना कॉम्प्युटर अजून असेल तर भंगारात देऊ नका, एवढंच आत्ता सांगतो.

कोरा_चेक

कायद्याचं मी सांगतो, बरीच वर्षं सीएच्या ऑफिसात काढली आहेत. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की कंपन्यांनी हिशोबासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद तारखेसकट राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. फेरफार करूच नका, असं त्यात कुठेही नाही. भाव दुरुस्त करा, फक्त आधी काय होतं आणि कधी बदललं याची खूण मागे राहू द्या. शिवाय हा नियम कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहे. तुमची आडत एकट्या मालकाची किंवा साध्या भागीदारीची असेल तर तो तुम्हाला थेट लागूच होत नाही. तेव्हा 'कायद्याने बंद' हे उत्तर मान्य करू नका. दुरुस्ती आणि तिची नोंद, दोन्ही द्या, असं लेखी मागा. फोनवर नको. ईमेल करा आणि देखभालीच्या कराराचा नंबर त्यात घाला.

गाळा_आणि_वही

कोरा_चेक, मनापासून आभार. आमची भागीदारी आहे. हे इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

फिटरदादा, जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे. विंडोज ७ आहे, डाँगलही (ज्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती किल्ली) लावलेलं आहे.

सातपूर_ते_सॉफ्टवेअर

मी अशीच सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. राग मानू नका.

तुमचं जुनं बहुधा फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या एका जुन्या भाषेत, लिहिलेलं असणार. आडतीची, किराण्याची, पतसंस्थांची ढीगभर सॉफ्टवेअरं त्यातच झाली. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मधली आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला आधार देणंही थांबवलं. ते येणारी नवी मुलं मिळत नाहीत. त्यामुळे कधीतरी सगळं नव्याने लिहावं लागतंच, आणि तिथेच घोळ होतो. जुन्यात वीस वर्षांत एकेका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून भर पडलेली असते, ती कागदावर कुठेच नसते. तुमचं एफ-४ कुणीतरी कधीतरी यार्डात उभं राहून मागितलं असेल. नवं लिहिणाऱ्याला ते होतं हेही माहीत नसतं. 'काढून टाकलं' असं तुम्हाला दिसतं. त्याच्या बाजूने ते कधी आलंच नाही.

मोठ्यांकडूनही हे होतं. ॲपलने जून २०११ मध्ये व्हिडिओ संकलनाचं फायनल कट प्रो टेन नव्याने लिहून आणलं, तर त्यात अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र लावायची सोय नव्हती आणि जुन्या आवृत्तीतली कामं उघडत नव्हती. त्यावर पोट असलेल्या संकलकांनी ओरड केली. जानेवारी २०१२ मध्ये कॅमेऱ्यांची सोय परत आली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं आणि पुढच्या वर्षी ८.१ मध्ये परत आणलं. म्हणजे मागितल्यावर मिळतं. पण 'जुनं बरं होतं' असं म्हटलं की आम्ही ते सवयीच्या खात्यात टाकतो. तुम्ही वर १५ आणि ४५ सेकंद लिहिलंत, ६,२९,००० ची पट्टी लिहिलीत, ते जसंच्या तसं पाठवा. मला कुणी असं लिहून पाठवलं असतं तर त्याच आठवड्यात शेकडा घातला असता.

आता उपाय. आधी जुन्या फोल्डरची पेन ड्राइव्हवर पूर्ण प्रत करा, दोन ठिकाणी ठेवा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच नको. जुनं सॉफ्टवेअर काळ्या पडद्याचं होतं की विंडोजच्या चौकटीत उघडायचं? चौकटीतलं असेल तर नव्या विंडोजवरही चालण्याची शक्यता चांगली आहे, फक्त डाँगलचं बघावं लागेल. काळ्या पडद्याचं, म्हणजे डॉसचं असेल तर आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालणार नाही, पण व्ही-डॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम अशाच कामासाठी आहे. फोल्डरमध्ये डीबीएफ नावाच्या फाइली सापडल्या तर तुमचा माहितीसाठा तिथे आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये त्या उघडतात. एक्सेलमध्येही उघडतील, पण २००७ पासून एक्सेलला डीबीएफ परत सेव्ह करता येत नाही. गंमत बघा, तीही एक काढून टाकलेली सोय. मूळ फाइल उघडू नका, प्रत उघडा.

टिळकवाडी

विंडोज ७ च्या त्या कॉम्प्युटरला नेट मात्र देऊ नका. त्याला सुरक्षेची अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. आणि दोन्हीकडे पट्ट्या करायला लागलात तर नंबर एकमेकांवर येतील. मला विचाराल तर जुनं फक्त बघण्यापुरतं ठेवा आणि नव्यालाच वळण लावा. सहा महिन्यांत हात बसेल. आमच्या बँकेत संगणक बदलला तेव्हा सगळे असेच हवालदिल झाले होते, नंतर बसले.

गाळा_आणि_वही

टिळकवाडी, हात बसेल हे मान्य. पण बसलेला हात यादीतून माउसने नाव निवडताना पंधरा सेकंदांवर येणार नाही, वाट तेवढी लांबच आहे. बँकेत गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊ शकतं. आमच्याकडे माणूस पहाटे जुड्या बांधायला उठलेला असतो. नंबरांचं मात्र तुमचं अगदी बरोबर, दोन वह्या नकोतच.

सातपूर, चौकटीतलं होतं. डीबीएफ फाइली आहेत, २००९ पासूनच्या. प्रत करून घेतली, दोन पेन ड्राइव्ह, एक घरी. खात्यांची फाइल कॅल्कमध्ये उघडली. सगळे नंबर जागच्या जागी दिसले तेव्हा खूप बरं वाटलं.

सातपूर_ते_सॉफ्टवेअर

छान. आता ते नंबर नव्यात नेऊ. नव्या खात्यात शेतकऱ्याचं नाव बदलता येतं ना? मग नावाच्या आधीच नंबर लिहा: '४१२ गायकवाड'. शोधताना ४१२ टाकलं की एकच ओळ उरेल. चारशे नावं हाताने नका बदलू, एक्सेलमधून आत घ्यायची सोय आहे का विचारा.

शेकड्यासाठी, नवीन एकक स्वतः जोडता येतं का बघा. येत असेल तर 'शेकडा' जोडा आणि जुड्या ३.४० अशा भरा. ३.४० गुणिले १,८५० म्हणजे ६,२९०. बोलीचा भाव जसाच्या तसा पट्टीवर येईल.

एंटरसाठी ऑटोहॉटकी हा फुकट प्रोग्रॅम घ्या. एंटर दाबलं की टॅब जावं, एवढं दोन ओळींत होतं, आणि ते फक्त त्याच खिडकीपुरतं ठेवता येतं. एफ-४ चंही जमेल, मी लिहून देतो.

प्रिंटरचं कंपनीलाच करावं लागेल. नवं सॉफ्टवेअर पट्टीचं चित्र करून पाठवतंय आणि डॉट मॅट्रिक्स ते ओळ-ओळ रंगवत बसतो. जुनं नुसती अक्षरं पाठवायचं, म्हणून भराभर व्हायचं. ब्राउझरमधूनही नुसती अक्षरं पाठवता येतात, क्यूझेड ट्रे नावाचं साधन त्यासाठीच आहे. ईमेलमध्ये हे नाव घाला, त्यांच्या प्रोग्रॅमरला कळेल.

गाळा_आणि_वही

चार दिवसांनी लिहिते आहे, गुरुवारी यार्डात आवक फार होती.

सेटिंगमध्ये शेकडा जोडता आला. पट्टीवर '३.४० शेकडा, भाव १,८५०' असं येतं आणि शेतकऱ्यांना ते बघताक्षणी कळतं, कुणी विचारतही नाही. नंबर लावल्याने शोधणं सुटलं. एंटरही चालतं, फक्त व्यापाऱ्याच्या यादीत अडकतं, तिथे माउस घ्यावाच लागतो. पट्टीला आता ३० सेकंद पडतात. काल सव्वानऊला संपलं.

एक नवी अडचण आली. हमाली जुड्यांवर लागते आणि ३.४० भरल्यामुळे ती तीन-चार जुड्यांचीच धरली जाते. सध्या हमालीचा दर शंभरपट करून ठेवलाय. पण कांदापात कधी कधी नगावर जाते, तिथे तो दर चुकीचा लागतो, तेवढ्या पट्ट्या हाताने सुधारते. हे नीट कसं करायचं?

कंपनीला सविस्तर ईमेल केली. सेकंद, ती पट्टी, फेरफाराच्या नोंदीचा नियम, क्यूझेड ट्रे, सगळं. उत्तर आलं की दुरुस्तीची सोय पुढच्या महिन्यात देतो, बाकीचं 'विचाराधीन'. बघू.

सातपूर_ते_सॉफ्टवेअर

हमालीसाठी शेकड्याचे जिन्नस वेगळेच करा: 'कांदापात शे' आणि 'कांदापात नग'. दर जिनसाला बांधता येत असेल तर सुटेल. पण हे सगळं मी न बघता सांगतोय. तुमची संध्याकाळ मी कधी पाहिलेलीच नाही. शनिवारी येऊ का? एफ-४ तिथेच बसून लिहितो, व्यापाऱ्याच्या यादीचंही बघू.

गाळा_आणि_वही

जरूर या. निमाणीपासून रिक्षा मिळते. साडेचारपर्यंत पोहोचा, लिलाव सुरू झाला की मला मान वर करायला वेळ नसतो, पण शेजारी खुर्ची ठेवते. चिठ्ठ्या कशा येतात ते आधी अर्धा तास नुसतं बघा, मग लॅपटॉप उघडा.