१९७० सी-१० पिकअप: मॅन्युअलचं पॉवर स्टिअरिंग करायचंय, काय काय लागेल?

ओहायोकर
गाडी १९७० ची शेव्हर्ले सी-१०, टू व्हील ड्राइव्ह, ३५० व्ही-एट, एसी नाही. रस्त्यावर तक्रार नाही, पण जागच्या जागी चाक वळवायचं म्हणजे तालीमच. पुढचे टायर रेडियल आणि मूळ मापापेक्षा रुंद आहेत. सागिनॉचा (जनरल मोटर्सच्या स्टिअरिंग विभागाचा) रीबिल्ट स्टिअरिंग बॉक्स आणि त्याला तेल पुरवणारा पंप बसवायचा विचार आहे. फ्रेमला नवी भोकं पाडावी लागतील का? कॉलम (स्टिअरिंग व्हीलखालची नळी आणि तिच्यातला शाफ्ट) आहे तोच चालेल का? आणि बॉक्स-पंप सोडून आधीच काय मागवून ठेवू? गाडी अर्धी उघडून पार्सलची वाट बघत बसायची इच्छा नाही.

पाना_सतरा
आधी एक फुकटची तपासणी करा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि स्टँडवर ठेवून स्टिअरिंग फिरवा. चाकं हवेत असूनही जड लागत असेल तर दोष चाकं वळवणाऱ्या जोडण्यांत (बॉल जॉइंट, आयडलर आर्म) किंवा कॉलमच्या बेअरिंगमध्ये आहे. पॉवर बसवलं की तो दोष झाकला जाईल आणि पुढे एखादा जॉइंट निखळेल. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल, तरच पुढे जा.

भोकं सहसा पाडावी लागत नाहीत. १९६७ ते ७२ च्या टू व्हील ड्राइव्ह सी-१० ला कंपनीचाच पॉवर स्टिअरिंगचा पर्याय होता, त्यामुळे बॉक्स फ्रेमवर धरून पाहिला की जागा लगेच कळते. फोर बाय फोरची मांडणी वेगळी आहे, तिथली माहिती इथे लावू नका. बॉक्स मात्र या पिकअपसाठीचाच मागा. सागिनॉचे ८०० सिरीजचे बॉक्स बाहेरून सारखेच दिसतात, पण काही स्पोर्ट्स कारच्या बॉक्समध्ये आतच अडथळे असतात. तसला बसवला तर चाकं पूर्ण वळत नाहीत आणि यू-टर्नला रस्ता पुरत नाही.

पिटमन आर्म, म्हणजे बॉक्समधून बाहेर येऊन चाकांच्या दांड्यांना हलवणारा हात, पॉवरचाच घ्या, जुना बसणार नाही. जुना काढताना पुलर लावा. सेक्टर शाफ्टवर (हा आर्म ज्यावर बसतो त्या दांड्यावर) हातोडा मारू नका, बॉक्सच्या आतलं बेअरिंग जातं आणि कोअर, म्हणजे जुना बॉक्स, दुकानाला परत देताना पैसे कापले जातात. नटाचे आटे ७/८ इंचाचे आहेत, पण त्याला १-५/१६ चा सॉकेट लागतो. नवा बसवताना १८५ फूट-पाउंडला आवळा. बॉक्सचे फ्रेमवरचे ७/१६ चे बोल्ट साधारण ७० फूट-पाउंड, ग्रेड ८ चेच वापरा.

आता कॉलम. घोळ इथेच होतो. पॉवर बॉक्सला वरच्या बाजूला व्हॉल्व्हचं घर असतं, म्हणून तो मॅन्युअलपेक्षा लांब. तेवढीच जागा शाफ्टला कमी मिळते. बॉक्स नुसता टेकवून अंतर मोजा. शाफ्ट लांब पडत असेल तर तो ठोकून आत घालायचा नाही, पॉवरच्या मापाचा शाफ्ट घ्या. रॅग जॉइंट (शाफ्ट आणि बॉक्स यांना जोडणारा रबरी चकतीचा सांधा) बॉक्सच्या दात्यांप्रमाणे मागवा: जुन्या पॉवर बॉक्सवर १३/१६ इंच ३६ दाते, साधारण १९७७ नंतरच्यांवर ३/४ इंच ३० दाते. थोडा ढिला बसतोय, बोल्ट आवळला की घट्ट होईल, असला विचार इथे जीवघेणा आहे. बसवल्यावर रबराची चकती सपाट दिसली पाहिजे. ती ताणलेली किंवा फुगलेली असेल तर लांबी चुकली आहे.

आणि बॉक्स मध्यावर आणल्याशिवाय काहीच जोडू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि निम्मे परत या. चाकं सरळ, स्टिअरिंग सरळ, मग पिटमन आर्म. स्टिअरिंग व्हील काढून दुसऱ्या दात्यावर बसवून ते नुसतं सरळ दाखवलं तर बॉक्स मध्यापासून सरकलेलाच राहतो, आणि सरळ रस्त्यावर कायम खेळ जाणवतो.

वंगणदास
पाना_सतरांनी बॉक्सचं सगळं सांगितलं, पण काम अडतं ते पुढे, पंपापाशी.

पहिल्यांदा वॉटर पंप मोजा. तुमच्या ३५० सारख्या स्मॉल ब्लॉक इंजिनाला आखूड आणि लांब असे दोन वॉटर पंप येतात. इंजिनाला टेकणाऱ्या पृष्ठापासून पुलीच्या हबपर्यंत आखूडचं अंतर साडेपाच इंचांच्या थोडं वर, लांबचं सातच्या जवळ. ब्रॅकेट, क्रँक पुली आणि पंपाची पुली हे तिन्ही एकाच जातीचे हवेत. तुमच्या क्रँक पुलीला एकच खाच असेल तर दोन खाचांची पुली यादीत लिहा, हा पार्ट हमखास विसरला जातो. सगळं बसल्यावर दोन्ही पुल्यांना सरळ पट्टी लावा. १/१६ इंचापेक्षा जास्त फरक असेल तर बेल्ट किंचाळेल किंवा उडेल.

पॉवर स्टिअरिंगच्या जुन्या पंपांची पुली चावी (शाफ्टच्या खाचेतली पट्टी) आणि नटवर बसते, नंतरच्या पंपांची दाबून. दाबून बसणारी ठोकू नका. तिचं बसवायचं हत्यार पार्टच्या दुकानात अनामत ठेवून मिळतं.

पाइप. जुन्या बॉक्सला ५/८ आणि ११/१६ चे फ्लेअर नट, १९८० च्या आसपासपासून १६ आणि १८ मिलिमीटरचे ओ-रिंगवाले. ५/८ चा नट १६ मिलिमीटरच्या भोकात दोन आटे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. जोर केला की बॉक्सचे आटे संपले. एकाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४१, दुसऱ्याचा १.५ मिलिमीटर, तेव्हा जमणार कसं? बॉक्स हातात आल्यावरच होज मागवा. रिटर्नला, म्हणजे तेल पंपाकडे परत नेणाऱ्या होजला, पेट्रोलचा पाइप लावू नका, गरम तेलाने तो मऊ पडतो. प्रेशर होज एक्झॉस्टपासून लांब बांधा.

हवा काढताना इंजिन बंद, चाकं हवेत. टाकीत तेल भरा आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत निदान वीस वेळा फिरवा, मध्येमध्ये तेल वाढवत जा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. आधीच चालू केलं तर तेलाचा फेस होतो, पंप घरघरतो, आणि तो फेस बसायला कधी कधी रात्र जाते. शेवटाला टेकवून पाच सेकंदांवर धरू नका, तेल उकळायला लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी सील फुगतील.

शिमवाला
दोघांनीही अलाइनमेंट सोडलं! मॅन्युअल गाडीला कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे हाताला हलकं लागतं. पॉवर आल्यावर तोच कॅस्टर ठेवला तर ६० मैलांच्या वेगाला गाडी भटकते आणि वळणानंतर चाक आपणहून परत येत नाही. मग लोक बॉक्सला शिव्या देतात आणि त्याच्या वरचा खेळ कमी करायचा स्क्रू आवळत सुटतात. तो स्क्रू आवळला की मध्यावर जाम बसतो आणि परत येणं आणखीच बिघडतं. त्याला हात लावू नका. वरचा बॉल जॉइंट मागे सरकेल अशा रीतीने कंट्रोल आर्मचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलून घ्या, कॅस्टर ३ ते ४ अंश, दोन्ही बाजूंना सारखा. टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली ते) १/१६ ते १/८ इंच. दुकानदार जुन्या पुस्तकातले आकडे लावू लागला तर अडवा, ते त्या काळच्या बायस (रेडियलआधीच्या जुन्या बांधणीच्या) टायरचे आहेत.

सातारी_जीप
मधेच विचारतो. हाच बॉक्स आमच्या जुन्या महिंद्रा जीपला बसेल का?

पाना_सतरा
नाही, भाऊ. हा डाव्या हाताच्या गाडीचा, तुमचं स्टिअरिंग उजवीकडे. शिवाय विलीजच्या घराण्यातल्या त्या जीपला मध्ये बेलक्रँक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा तुकडा) असतो. निम्मा खेळ त्याच्या झिजलेल्या पिन-बुशचा असतो, आधी ते बदलून बघा. पुढे बदल करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा, गाडीतल्या बदलांबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

ओहायोकर
यादी केली: बॉक्स, पिटमन आर्म, रॅग जॉइंट, पंप, ब्रॅकेट, दोन खाचांची पुली, बेल्ट. होज बॉक्स आल्यावर. शाफ्ट मोजल्यावर. रॅग जॉइंट बदलल्यावर हॉर्न बंद पडतो असं कुठेतरी वाचलं, त्याचा काय संबंध?

वंगणदास
संबंध आहे. या गाडीत हॉर्नचं अर्थिंग स्टिअरिंग शाफ्टमधून खाली बॉक्सकडे जातं, आणि मधली रबराची चकती ते तोडते. मूळ जॉइंटमध्ये त्यासाठी धातूचा मार्ग असतो, काही नव्यांमध्ये नसतो. जॉइंटच्या दोन्ही फ्लँजना जोडणारी एक लवचीक वायर लावा, फिरताना ताण येणार नाही एवढी सैल. अलाइनमेंटला जाण्याआधी हॉर्न वाजवून बघा, नंतर तिथे हात घालायला जागा कमी पडते.