पोराचा पहिला गळ: खाडीत की धरणात?

खाडीवेडा
मुलगा अकरा वर्षांचा आहे. भाऊबीज झाली की त्याला पुण्याहून दोन दिवस गळ टाकायला नेणार आहे. मित्र म्हणतो, उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणला जा. माझं ठाम मत रेवदंड्याचं, कुंडलिका नदीच्या मुखाशी. खाडीचं पाणी जिवंत असतं. भरतीबरोबर मासा आत शिरतो: शेंगाळा, काळुंद्र, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा. शिवाय पोराला तिथीचा हिशेब शिकवता येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट, म्हणजे सहा वाजता. धरणावर हे कुठून शिकणार?

भीमाकाठ
तुमच्याच हिशेबाने बघा. दिवाळी अमावस्येची, भाऊबीज द्वितीयेची. म्हणजे दीडच्या सुमाराला भरती, तीही उधाणाची. त्या ओढीला शिशाचं वजन तळाशी टिकत नाही, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) वाहत जातो आणि खडकात अडकतो. पोर दिवसभर गाठी सोडवत बसेल. पहिल्या तासाभरात मासा लागला तरच मूल पुन्हा गळ हातात घेतं. भिगवणला बारीक गळाला गांडूळ लावा आणि काठापासून चार हातांवर टाका. बुडी, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता खुंटा, थरथरते, मग एकदम आडवी पळते: चिलापी. माझी मुलगी तेव्हा जे किंचाळली, ते अजून कानात आहे.
आणि शेंगाळ्याचं काय? पाठीवर एक, बाजूंना दोन, असे तीन काटे. माझ्या तळहातात एकदा घुसला होता. सोसवेल इतक्या कडक पाण्यात हात बुडवून बसलो, तेव्हा कुठे ठणका उतरला. लहान मुलाच्या हाती तो मासा नकोच.

पाणवठा
धरणावर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी विचारा, मगच गळ टाका, आणि कुणाच्या जाळ्याजवळ जाऊ नका. त्या पाण्यावर त्यांची घरं चालतात. चिलापी मात्र खुशाल न्या. ती मूळची आफ्रिकेतली, आपल्या माशांच्या जागा बळकावून बसली आहे. मरळ पिल्लांसोबत दिसली तर तिला हात लावू नका.

खाडीवेडा
उधाणाचा मुद्दा मान्य, तारीख बदलतो. अष्टमीला जाऊ, सुट्टी तेव्हाही असते. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीचं, पाणी सौम्य, भरती सकाळ-संध्याकाळी सहाला. शेंगाळा लागला तर मी कापडात धरून सोडवीन, पोर नुसतं बघेल. पण खाडी सोडणार नाही. सोललेली कोलंबी लावून तंगूस बोटावर धरायचा. आधी टकटक लागते, मग ओढ. तो झटका काठावरच्या चिलापीत नाही.

भीमाकाठ
भांगाला मासाही कमी चालतो, हे कोळ्यांना विचारा. दोन दिवस रिकामे गेले तर पोराचा हिरमोड होईल. तरी जायचंच असेल तर धक्क्यावर बसा. शेवाळलेल्या खडकावर त्याला उभं करू नका.

खाडीवेडा
धक्क्यावरच बसू.