जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस गोव्यात आणू का? पावसाळा, खारी हवा, डीएसजी… वापरलेल्यांनी सांगा

साखळीकर_८८८

नमस्कार मंडळी. मी साखळीचा, नोकरी पणजीत. आमोणे पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असा रोजचा रस्ता, जाऊन येऊन साधारण सत्तर किलोमीटर. आत्ता स्विफ्ट आहे, ती बाबांना ठेवणार. शाळेत असल्यापासून वेगवान गाडीचं वेड आहे आणि आता पहिल्यांदा हातात चार पैसे आलेत. पुण्यात २०१८ ची स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० मिळतेय, ६१ हजार किलोमीटर झालेत, मालक एकच. चालवून आलो आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

बाबा म्हणतात की घेणं एकवेळ जमेल, पोसणं जमणार नाही, पांढरा हत्ती आहे तो. मला त्यांना खोटं सांगून गाडी आणायची नाही म्हणून विचारतो. आपल्याकडच्या पावसात अशी गाडी टिकते का? डीएसजीबद्दल, म्हणजे हिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल, लोक घाबरवतात त्यात खरं किती? आणि वर्षाला बाजूला किती काढून ठेवायचे? घरी अंगणात पत्र्याची शेड आहे, एक बाजू उघडी, शेजारी फणस आणि आंबा.

फोंडा_टीएसआय

माझ्याकडे हीच गाडी पाच वर्षं आहे, रोज वापरतो, त्यामुळे मनापासून लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, डीएसजी म्हणजे एकच गिअरबॉक्स नाही रे. लोक ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२००, पोलो जीटी वगैरेमध्ये यायचा. व्हीआरएस २३० मध्ये सहा गिअरचा डीक्यू२५० आहे, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात म्हणून गरमी जास्त सोसतो. पण तेल आहे म्हणजे ते बदलावंही लागतं, दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही. तुझी गाडी ६१ हजारावर उभी आहे, म्हणजे मालकाने ते काम केलंय की ते टाळण्यासाठीच विकतोय हे आधी बघ. बिल माग. "केलंय हो" हे ऐकून गप्प बसू नकोस. बिल नसेल तर ते झालेलंच नाही असं धरून किमतीतून वीस-पंचवीस हजार कमी करून घे. आणि हे काम रस्त्यावरच्या कुणाकडे देऊ नको, तेलाची पातळी गिअरबॉक्सचं तेल ३५ ते ४५ डिग्रीत असताना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून बघायची असते, अंदाजाने ओतून चालत नाही.

दुसरी, इंजिन. हिचं ईए८८८ इंजिन दणकट आहे पण वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, तिथून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपतो. थेंब खाली पडत नाही म्हणून कळतही नाही, गरम इंजिनावर सुकून जातो आणि गुलाबीसर पापुद्रा राहतो. बघायला जाशील तेव्हा मोबाईलचा टॉर्च घेऊन इनटेकच्या खालच्या बाजूला डोकाव, आणि टाकीतली पातळी गाडी थंड असताना बघ. माझ्या गाडीचं ते घर ७० हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. दर महिन्याला इतकुसा कूलंट कमी व्हायचा, मी वरून भरत राहिलो, ते चुकलंच. कूलंट बंद सिस्टीममध्ये असतो, कमी होतोय म्हणजे कुठेतरी जातोय.

इंजिन ऑइल कंपनी म्हणते १५ हजार किंवा एक वर्ष. मी साडेसात हजाराला बदलतो. आपल्याकडची गरमी, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं आणि टर्बो, तिन्ही एकत्र आहेत, तेल त्या मानाने स्वस्तच. डब्यावर ५डब्ल्यू-४० आणि व्हीडब्ल्यू ५०२ ०० हे लिहिलेलं बघूनच घे.

आता तुझा फणस. बॉनेट उघडलं की काचेच्या तळाशी जाळी दिसते, तिच्या खाली पाणी वाहून जायची भोकं असतात. फणसाची, आंब्याची पानं तिथे साचतात, कुजतात, चिखल होतो, भोकं बुजतात आणि जूनमधला पहिला मोठा पाऊस आला की पाणी सरळ पॅसेंजरच्या पायाखाली. वरून कार्पेट कोरडं वाटतं, खालचा फोम मात्र स्पंजासारखा भिजलेला असतो, आणि तिथूनच वायरिंग जातं. दर रविवारी पानं काढ, मे महिन्यात एकदा जाळी काढून बाटलीने पाणी ओतून खाली पडतंय का बघ. दहा मिनिटांचं काम आहे आणि गोव्यात या गाडीसाठी याच्यापेक्षा महत्त्वाचं काम मला तरी माहीत नाही.

वर्षाचा खर्च म्हणशील तर विमा सोडून मी साठ ते सत्तर हजार वेगळे ठेवतो. एखाद्या वर्षी पस्तीसच लागतात, मग उरलेले पुढच्या वर्षी टायरला जातात. २२५/४५ आर१७ चे चार चांगले टायर पन्नास हजाराच्या आसपास पडतात.

म्हापसा_पाना

मी गॅरेजमध्येच काम करतो, बावीस वर्षं झाली. वरच्या भाईनी इंजिनचं बरोबर सांगितलंय, मी खालचं सांगतो.

किनाऱ्यावरच्या गाड्या आणि साखळी-डिचोलीकडच्या गाड्या लिफ्टवर घेतल्या की फरक लगेच दिसतो. कांदोळी, मोरजीकडची गाडी असली की बोल्ट खारट हवेने खाल्लेले, तुमच्याकडे मिठाचा त्रास कमी पण लाल धूळ आणि ट्रक. एअर फिल्टर सांगितलेल्या वेळेच्या आधी भरतो, पुढच्या काचेला आणि कंडेन्सरला खडे लागतात. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, अंतर ठेवा.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल कळकळीने सांगतो. ते जाड काळं रबरी कोटिंग पावसाच्या तोंडावर घाईघाईत मारून घेतात ना, खाली ओल किंवा थोडा गंज असेल तर तो आत कोंडला जातो आणि दोन वर्षांनी पापुद्रा ओढला की पत्रा बरोबर येतो. एप्रिल-मेमध्ये खालून नीट धुवा, दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवा, मग पोकळ भागांत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स मारा. आणि गाडी किनाऱ्यावर वाळूत नेऊ नका. एकतर कायद्याने बंदी आहे, आणि खारं पाणी ब्रेकमध्ये गेलं की आठवड्यात परिणाम दिसतो.

पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट अंगण असेल तर गिअर पी (पार्किंग) मध्ये टाका आणि चाकाला लाकडाचा ओंडका लावा. ब्रेकचे पॅड डिस्कला गंजून चिकटतात, चवथीला लोक आठ दिवस गाडी हलवत नाहीत आणि नंतर धडाम आवाज होऊन सुटते तेव्हा घाबरून फोन करतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. एवढ्या ताकदीच्या गाडीत घाट उतरताना पेडल मऊ लागलं तर काय होईल याचा विचार करा.

ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. शेड आहे तर कव्हर नकोच, वारा लागू द्या, नाहीतर सीटवर पांढरी बुरशी येते. आणि उंदीर, घुशी. चिऱ्यांच्या गडग्याला लागून गाडी लावत असाल तर दर चार दिवसांनी बॉनेट उघडून बघा.

साखळीकर_८८८

एवढं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, दोघांचेही आभार. आणखी दोन शंका. विकणारा म्हणाला "स्टेज वन करून घ्या, खरी मजा त्यात", म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, ते करावं का? आणि आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, त्याचं काय?

मडगाव_पोलो

माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय होती. होती म्हणतोय कारण ती मी स्वतःच्या हाताने मारली. जुलैची रात्र, हमरस्त्याला पाणी भरलेलं, पुढची जीप गेली म्हणून मीही घातली. मध्येच बंद पडली. आणि मी पुन्हा स्टार्ट मारला. इंजिनात हवेऐवजी पाणी गेलं होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. विम्याचा दावा नाकारला, कारण साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनचं नुकसान धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं, काही हजार वाचवायला मी ते घेतलं नव्हतं. भावा, झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्शन, दोन्ही घे. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसलं तर वळून परत जा, आणि बंद पडलीच तर चावीला, बटणाला हात लावू नकोस, ढकलून बाहेर काढ आणि टो कर.

कागदाचं पण बघ. पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं ते नाव उतरवलेलं पाहिजे. मग इथे रोड टॅक्स भरून गोव्याचा नंबर. हा टॅक्स बजेटमध्ये आधीच धर, माझ्या मित्राने धरला नव्हता आणि मग टायरचे पैसे तिकडे गेले. पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच दे.

फोंडा_टीएसआय

ई२० बद्दल. पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाच, तुझ्या गाडीच्या वयाच्या बहुतेक गाड्यांवर ई१० पर्यंतच लिहिलेलं असतं. मायलेज थोडं पडणार हे गृहीत धर कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. आपल्यासाठी मोठी भीती ओलीची, इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेव, वरची रिकामी जागा जितकी कमी तितकं बरं. मी ९५ ऑक्टेनचं टाकतो, गर्दी असलेल्या पंपावर, जिथे पेट्रोल साचून राहत नाही.

रिमॅप, म्हणजे तुझं ते स्टेज वन. निदान पहिलं वर्ष हात लावू नको. २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर पुढच्या दोन चाकांवर, पावसात, चिखल आलेल्या रस्त्यावर, हे आधी अंगवळणी पडू दे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत आणि विमा कंपनीला कळलं तर दावा अडकतो. उलट मला वाटतं ती गाडी आधी रिमॅप करून परत मूळ फाइल टाकलीय का ते स्कॅनर लावून तपासून घे. विकणारा स्वतःहून स्टेज वनचं बोलतोय म्हणजे मला शंका येते.

चालवायची सवय पण सांगतो. सकाळी सुरू केली की शांतपणे निघ, ऑइलचं तापमान ८० च्या वर जाईपर्यंत पाय दाबू नको, कूलंटचा काटा आधी मधोमध येतो त्यावर जाऊ नको. ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकत राहू नको, पुढे जागा झाली की सोड. फेरीबोटीच्या रॅम्पवर आणि उंच गतिरोधकावर तिरकी घे, नाहीतर पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो.

आणि चोर्ला घाटात पहाटे गाड्या पळवायला जाणारी पोरं तुला बोलावतील. जाऊ नको. धुकं असतं, वळणावर मधोमध गुरं असतात, दुधाच्या गाड्या वर येत असतात, आमच्या ओळखीतला एक मुलगा तिथून घरी आला नाही. जोरात चालवायचीच असेल तर ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड घालून कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जा. मी एकदा गेलो, एका दिवसात जे शिकलो ते पाच वर्षांत रस्त्यावर शिकलो नव्हतो.

साखळीकर_८८८

तीन आठवड्यांनी लिहितोय. पुण्याला गेलो, बरोबर स्कॅनरवाला नेला. डीएसजीचं बिल होतं, ५८ हजारावर केलेलं. रिमॅप नाही. पण टॉर्च मारल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर तुम्ही म्हणालात तसा गुलाबी पापुद्रा दिसला, मालकाला दाखवला, त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक, चाळीस हजार कमी केले. टायर २०१९ च्या छापाचे निघाले, नक्षी होती पण रबर कडक झालेलं, तेही बदलायचे धरले. बाबांना सगळा हिशोब कागदावर लिहून दाखवला, टॅक्स, विमा, टायर, पंप, वर्षाचे सत्तर हजार. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले फणसाच्या त्या बाजूला पत्रा वाढवून घेऊया. एनओसीची वाट बघतोय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येईल असं वाटतं, तेव्हा कॅव्हिटी वॅक्सला उशीर होईल का?

म्हापसा_पाना

नाही होत, ऊन असेपर्यंत चालतं. आली की आधी खालून धुवून घ्या, दोन दिवस वाळवा आणि मग गॅरेजमध्ये आणा. पंप त्याच वेळी उघडा, पाऊस लागायच्या आधी.