विषय: बाबांचा नंबर बाबांचा नाही

प्रेषक: तुमची माजी खजिनदार, सध्या मुक्काम कोथरूड

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचा हिशेब नव्या खजिनदारांकडे सोपवला आहे, हा मेल त्याबद्दल नाही. हा एका फोन नंबरबद्दल आहे आणि लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

इंग्लंडमधल्या लीड्सहून मी सहा आठवड्यांसाठी बाबांकडे पुण्याला आले आहे. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं, तीन मजल्यांच्या जागी चौदा उभे राहिले, आणि तेव्हापासून आमच्या घरात बाबांच्या फोनला रेंज नाही. म्हणजे एका ठिकाणी आहे: मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या दांडीच्या उजव्या टोकाला. बाबा एक पाय स्टुलावर ठेवून, ओल्या टॉवेलच्या आडून डोकं बाहेर काढून ‘आता येतंय का ऐकू?’ असं ओरडतात. समोरच्या बिल्डिंगला आमच्या घरातली सगळी दुखणी तोंडपाठ झाली आहेत. बँकेचा ओटीपीही गॅलरीतच येतो. तो वाचून बाबा आत कॉम्प्युटरपाशी पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

कस्टमर केअरला सात वेळा फोन केला. ‘आपल्या भागात काम सुरू आहे,’ सातही वेळा. बिल मात्र बिनचूक येतं, आणि त्यात दर महिन्याला कॉलर ट्यूनचे पैसे. बाबांनी ही ट्यून कधी मागितली ते त्यांना आठवत नाही. त्यांना फोन करणाऱ्यांना गेली चार वर्षं भजन ऐकू येतंय आणि निम्म्या नातेवाइकांचा समज झालाय की बाबा देवाधर्माला लागले.

म्हटलं, कंपनीच बदलू. लीड्सला मी गेल्या वर्षी काय केलं? 65075 ला मेसेज टाकला, लगेच पॅक कोड, म्हणजे नंबर नव्या कंपनीकडे न्यायचा कोड, आला, तीस दिवस चालणारा. करार चोवीस महिन्यांचा होता, उरलेल्या महिन्यांचे पैसे दातओठ खात भरले आणि सुटले. इथे तर करारबिरार काहीच नाही, म्हणजे आणखी सोपं.

बाबांच्या फोनवरून 1900 ला मेसेज टाकला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, जागा सोडून नंबर. आठ अक्षरांचा कोड आला. बाबांना घेऊन कर्वे रोडवरच्या दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेले. आधार कार्ड, फोटो, सगळं नीट. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, मग बाबांकडे.

‘आजोबा, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये.’

बाबा तो 2003 पासून वापरताहेत. बँक, गॅस, पेन्शन, सोसायटी, डॉक्टर, सगळीकडे तोच. पण घेतला होता भोसरीच्या फर्मने. बाबा 2011 ला निवृत्त झाले तेव्हा अकाउंट्सवाल्याने सांगितलं, ‘नंबर राहू द्या तुमच्याकडेच, बिल तेवढं तुम्ही भरत जा.’ बाबा भरत राहिले. 2014 ला फर्म बंद झाली. बाबा भरतच राहिले. आणि आता नंबर हलवायचा तर फर्मच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पत्र हवं. बंद पडलेल्या फर्मचं. तो कोड चार दिवस चालतो, त्यातला एक असाच गेला.

कुणाला काही मार्ग माहीत असेल तर कळवा.

* * *

प्रेषक: ब्रॅडफर्डचे काका

अगं पोरी, तुझा संताप कळतो, पण पत्र मागितलं ते दुकानदाराच्या मनाने नव्हे. कॉर्पोरेट नंबरला नियमच तसा आहे. देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली 20 जानेवारी 2011 पासून. 16 डिसेंबर 2019 ला नियम बदलले: एकाच सर्कलमधला, म्हणजे एकाच टेलिकॉम विभागातला, वैयक्तिक नंबर असेल तर कामकाजाचे तीन दिवस, कॉर्पोरेट असेल तर पाच. पोस्टपेडचं बिल थकलेलं नको आणि त्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले हवेत. तुझ्या बाबांनी एकही बिल चुकवलेलं नसणार, मी ओळखतो त्यांना.

कॉलर ट्यून आजच बंद कर. 155223 ला इंग्रजीत ‘स्टॉप’ पाठव. रेंजचं रडगाणं तोंडी गाऊ नकोस, तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घे. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायला, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाला, वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही, ते ती हाताळत नाहीत. आणि अगदीच गळ्याशी आलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिफोनच्या भांडणात ग्राहक मंचाला हातच घालता येत नाही, असं 2009 च्या निकालाकडे बोट दाखवून सांगत असत. फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो प्रश्न निकालात काढला: जाता येतं.

एक महत्त्वाचं. नाव बदलण्याचा अर्ज आणि पोर्टिंग एकाच वेळी करू नकोस. नावाचा अर्ज चालू असला की पोर्टिंग नाकारतात.

* * *

प्रेषक: माजी खजिनदार, कोथरूड

काका, शेवटची ओळ तीन दिवस आधी वाचायला मिळायला हवी होती. दोन्ही केलं. दोन्ही अडकलं. कोडही मेला.

पण फर्मचे मालक सापडले! बाबांच्या जुन्या डायरीत पत्ता होता, प्रभात रोडच्या एका गल्लीतला. वनाजहून मेट्रो पकडली, नळ स्टॉपला उतरलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, अकरा वर्षांनी साहेबांना भेटायचं म्हणून. साहेब आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. बाबांना बघून आधी मशीनची चौकशी केली. कुठलं मशीन, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघं अर्धा तास एका गिअरच्या दात्यांवर बोलले.

मग साहेबांनी टेबलाचा खालचा खण उघडला. लेटरहेडचा गठ्ठा तिथेच होता, रबर बँडने बांधलेला. रबर बँड हात लावताच तुटला. लेटरहेडवर पुण्याचा कोड 0212 छापलेला, म्हणजे 020 होण्याच्याही आधीची छपाई. ‘तेव्हा पाच हजार छापली होती, वाया कशी घालवणार?’ साहेब म्हणाले. शिक्का होता, पण पॅड वाळून खडखडीत. वहिनींनी देवघरातून पळीने दोन थेंब पाणी टाकलं. पहिले तीन ठसे नुसते डाग उठले. चौथ्या ठशात ‘भागीदार’ हा शब्द नीट आला, त्यावर साहेबांनी सही केली आणि खाली तारीख घातली ती 2005 ची. पुन्हा दुसरं पत्र, पुन्हा ठसे.

बाबांच्या सध्याच्या कंपनीच्या दुकानात ते पत्र घेऊन गेलो तर तिथला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, हा 0212 नंबर लागत नाहीये.’ मी काय बोलले ते मंडळाच्या मेलवर लिहिण्यासारखं नाही. मॅनेजर बाहेर आले, वयाने बरे होते, त्यांना 0212 आठवत होतं. पत्र घेतलं, बाबांचे नव्याने फोटो काढले. काल नंबर बाबांच्या नावावर झाला. पोर्टिंगचा मेसेज आता पुढच्या आठवड्यात, दम खाऊन. भजन बंद झालंय. आत्याने ‘तब्येत बरी आहे ना?’ म्हणून विचारलं.

तुम्हा सगळ्यांना एकच विनंती. ओटीपीसाठी म्हणून पुण्यातला नंबर जिवंत ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. बिलावर नाव कुणाचं आहे ते एकदा बघा. रिचार्ज कोण करतं ते नव्हे, नाव कुणाचं. नवी कंपनी तुमचं केवायसी केल्याशिवाय नंबर घेणार नाही, आणि ते लीड्समध्ये बसून होत नाही.

* * *

प्रेषक: यॉर्कची वहिनी

मी तर इंडियन नंबर सोडूनच देणार होते. यूपीआयसाठी आपला इथला नंबर चालतो ना आता? एनआरई-एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या खात्याला जोडून?

* * *

प्रेषक: ब्रॅडफर्डचे काका

चालू शकतो. 2023 च्या जानेवारीत दहा देशांच्या नंबरांना मुभा दिली, त्यात यूके आहे. पण तुमची बँक ती सोय देते का ते आधी विचारा. आणि जुना नंबर सोडण्याआधी तो खात्यांवरून काढा, वहिनी. बंद केलेला नंबर कंपनी नव्वद दिवस ठेवते, मग तो कुणालाही मिळू शकतो. तुमचे ओटीपी नांदेडच्या एखाद्या कॉलेजकुमाराला जायचे.

* * *

प्रेषक: हडर्सफील्डहून, पहिल्यांदाच लिहितोय

मेल वाचून बिल उघडून पाहिलं. नंबर मेहुण्याच्या फर्मच्या नावावर आहे. प्लॉटच्या भानगडीवरून मेहुण्याशी दीड वर्ष बोलणं नाही. काही दुसरा मार्ग?

* * *

प्रेषक: माजी खजिनदार, कोथरूड

नाही. मेहुण्याकडे लेटरहेड आहे का तेवढं आधी बहिणीकडून काढून घ्या.