मदत हवी आहे: दशांश देतो, पण आनंद होत नाही

प्रभूमध्ये सलाम. मी नागपूरचा, सदरला राहतो. पगार झाला की दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग, पाकिटात घालून रविवारी चर्चमधल्या दानाच्या थैलीत टाकतो. खरं सांगू? विजेचं बिल भरल्यासारखं वाटतं. बायबलात २ करिंथ ९:७ मध्ये प्रेषित पौल सांगतो, कुरकुरत नको, संतोषानं द्या. तेच जमत नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र दवाखान्याबाहेर फुटपाथवर झोपलेल्या एका आजीला घरचं ब्लँकेट दिलं. तिनं ते आधी नातवाच्या पायांवर ओढलं. कुडकुडत गाडीवर घरी आलो, पण मन भरलेलं होतं.

दशांशातला काही भाग असा थेट दिला तर चालेल का, की तो मंडळीचाच, म्हणजे चर्चचाच, आणि हे त्याच्या वरचं वेगळं दान? बायको म्हणते, दशांशाला हात लावू नका. पाळकसाहेबांना विचारायला संकोच वाटतो. तुम्ही घरी कसं करता?