दुकानात दोनच संडास बसतायत: लेडीज-जेन्ट्स वेगळे करू, की दोन्ही सगळ्यांसाठी?

साडीवाली_वहिनी, कराड

नमस्कार. कराडात आमचं साड्यांचं आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. शेजारचा गाळा मिळाला, म्हणून आता दोन्ही गाळे एकत्र करतोय. कामाला चौदा माणसं आहेत, नऊ मुली-बायका आणि पाच पुरुष. आजवर सगळ्यांना मिळून एकच संडास होता, मागच्या जिन्याखाली, वाकून जावं लागायचं असा. नव्या कामात मागे १० बाय ५ फूट जागा निघतेय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, दोन आरामात बसतील.

वाद इथूनच सुरू झाला. ह्यांचं म्हणणं, दोन्हीवर पाटीच नको, जे रिकामं असेल त्यात जावं. नऊ बायका आणि पाच पुरुष, म्हणजे वेगळं केलं की लेडीजपुढे रांग आणि शेजारचं मोकळं. घरी कुठे वेगळं असतं, रेल्वेच्या डब्यात कुठे असतं? हिशोबाने त्यांचं बरोबर आहे, मला खोडता येत नाही.

पण मुलींना विचारलं तर नऊपैकी सात जणी म्हणाल्या, वहिनी, आमचं वेगळंच असू दे. कारण विचारलं तर सगळ्या गप्प. मग एकीने मला ट्रायल रूममध्ये नेऊन पडदा ओढला आणि हळू आवाजात सांगितलं: "सीट ओली असते. पाणी मारून पुसून मगच बसायचं. आणि पाळी असली की पॅड पेपरात गुंडाळून पर्समधून घरी नेते मी. तिथल्या बादलीत टाकलं तर ती बादली रोज गोडाऊनचा पोरगा उचलतो." तीन वर्षं ती माझ्याकडे कामाला आहे. तीन वर्षं रोज तिच्याबरोबर जेवते मी, आणि मला हे माहीत नव्हतं.

हे मला इतकं लागलं, कारण लग्नाआधी मी स्वतः पुण्यात एका साडीच्या दुकानात दोन वर्षं काउंटरला उभी होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, संडास तळमजल्यावर. कुलूप लावलेला, किल्ली मॅनेजरकडे. किल्ली हरवू नये म्हणून ती कापडाच्या ताग्यातल्या लाकडी फळीच्या वीतभर तुकड्याला बांधलेली. तो तुकडा हातात घेऊन तीन जिने उतरायचे, म्हणजे कुठे चाललीय ते सगळ्या मजल्यांना कळणार. दिवसातून दोनदा मागितली की मॅनेजर घड्याळ बघायचा, म्हणून पाणीच प्यायचे नाही. दुसऱ्या वर्षी युरिन इन्फेक्शन झालं, ताप चढला, आठ दिवस पगार कापला गेला. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, दुकानात काम करतेस का?

आणखी एक गोष्ट मनात आहे. नवरात्राच्या आधी दरवर्षी एक तृतीयपंथी गिऱ्हाईक येतात आमच्याकडे, काठपदराच्या साड्या घेतात, पैसे रोख. दोन वर्षांमागे बिल करताना त्यांनी विचारलं, "ताई, बाथरूम आहे का?" मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या सेल्समनकडे पाहिलं. पाचच सेकंद. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि पिशवी उचलून गेल्या. पुढच्या वर्षीही आल्या, साड्या घेतल्या. बाथरूमचं पुन्हा विचारलं नाही.

तर सांगा, काय करू? दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

तिसरा_मजला

वहिनी, मी अकरा वर्षं कापड दुकानात सेल्सला आहे. फळीच्या तुकड्याचं वाचलं आणि घशात आवंढा आला. आमच्याकडे किल्लीला स्टीलचा चमचा होता.

माझं मत, वेगळंच ठेवा. आमच्या आधीच्या दुकानात दोन होते आणि दोन्ही कॉमन. काय झालं सांगते. रोज सकाळी सफाईवाल्या मावशी यायच्या, पण दुपारी बारानंतर घाण झाली की पुरुष तसेच जाऊन यायचे. त्यांना उभ्याने भागतं. बसावं आम्हाला लागतं, म्हणून ब्रश आम्ही हातात घ्यायचो. आठवड्याभरात मालकाने ती आमचीच ड्यूटी ठरवून टाकली. पाटी नसलेला संडास धुणं शेवटी बाईच्याच गळ्यात पडतं, हे मी दोन दुकानांत पाहिलंय.

शिवाय लग्नसराईत आम्ही साडी नेसून दहा-दहा तास उभ्या. निऱ्या सांभाळत, पदर खोचून, ओल्या फरशीवर बसायचं म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच.

केरळातल्या कोळिकोडला मिठाई तेरुवु म्हणून कापडाचा मोठा बाजार आहे. तिथल्या सेल्सगर्लही दिवसभर पाणी पीत नसत. विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांची संघटना बांधली, पेनकूट्टु. पहिली मागणी संडासाची होती, बसायला स्टूल मिळावं ही त्यानंतरची. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. आपल्याकडे मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी'वाल्या बायकांनी हाच प्रश्न लावून धरला. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे त्यांनीच चव्हाट्यावर आणलं. सांगायचं एवढंच, की तुमच्या मुली लाडावून मागत नाहीत.

ओळंबा

मी कोल्हापुरात साईटवर असतो, दुकानांची कामं पुष्कळ केलीत. पाटीचा वाद नंतर घाला, आधी भिंतीचं बघा.

कॉन्ट्रॅक्टर 'दोन संडास' म्हणतो तेव्हा विचारा, मधली भिंत स्लॅबपर्यंत नेणार, की सात फुटांवर सोडून वर मोकळं? शंभरातल्या नव्वद ठिकाणी वर मोकळं सोडतात, एकच एक्झॉस्ट फॅन दोघांना चालावा म्हणून. मग पलीकडचा आवाज ऐकू येतो, आणि हल्ली मोबाईलची भीती आहे ती वेगळीच. भिंत वरपर्यंत, दार खाली फटीशिवाय, बेसिन आतच, एवढं केलं की ती खोली झाली. खोली कुणीही वापरावी. वर मोकळा, खाली मोकळा असेल तर तो आडोसा. आडोसा कॉमन ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत.

आता जागा. १० फूट म्हणजे १२० इंच. लेडीज ४८, भिंत ४, दुसरा संडास ३६, भिंत ४, उरले २८. त्या २८ इंचांत पुरुषांसाठी एक युरिनल बसतं, त्याला वेगळं दार. ओल्या सीटची निम्मी तक्रार तिथेच मिटते, आणि तुमच्या मिस्टरांची रांगही कमी होते. तिन्ही दारं एकाच बोळात उघडू द्या, पण युरिनलचं दार लेडीजसमोर नको, टोकाला घ्या.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी पुरेशी शौचालयं नि मुताऱ्या ठेवा असं सांगतो. जागाच नसेल तर अनेक दुकानदारांनी मिळून सामाईक सोय करायलाही त्यात मुभा आहे. तुमच्या माणसांच्या संख्येला काय लागू पडतं ते सीएकडून तपासून घ्या.

लेस्टरकर

मी इथे इंग्लंडमध्ये एका मोठ्या दुकानात फ्लोअरवर काम करते, माहेर साताऱ्याचं. ओळंबादादा म्हणतात तेच इथल्या नियमात लिहिलंय. १९९२ च्या कामाच्या जागेच्या नियमांप्रमाणे बाया-पुरुषांची सोय वेगळी हवी. सूट एकाच बाबतीत, प्रत्येक संडास स्वतंत्र खोलीत असेल आणि दार आतून लावता येत असेल तर. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या इमारतींना आणखी कडक नियम आला. आधी बाया-पुरुषांचे वेगळे द्या. त्याच्या जोडीला, किंवा जागा कमी असेल तर नुसत्या, बेसिनसकट पूर्ण बंद अशा सर्वांसाठीच्या खोल्या चालतील.

यावर इथे फार भांडण आहे, आणि दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. मी माझं सांगते. आमच्या दुकानात चार बंद खोल्या आहेत, कुणासाठीही. मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. पण जवळच्या एका कॅफेत जुन्या जेन्ट्सवरची पाटी नुसती बदलली होती. आत तेच फळ्यांचे अर्धे आडोसे, बेसिन सगळ्यांचं एकत्र. दार ढकललं, दोन पुरुष हात धूत उभे होते, तशीच मागे फिरले. घरी जाईपर्यंत थांबले.

गाळा_नंबर_९

वहिनी, राग मानू नका, पण स्टाफचं ठीक आहे, गिऱ्हाइकाला संडास उघडा करू नका. मी एकदा केला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात साडी बघायला कमी आणि मागे जायला जास्त माणसं. पाणी टँकरचं, पैसे माझे. नगरपालिकेने करायचं काम दुकानदाराच्या डोक्यावर का?

दोन_मुलींचा_बाबा

नगरपालिकेने करायलाच हवं. रस्त्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकवाल्यांनी हायकोर्टात याचिका केली, २०१५ मध्ये कोर्टाने महापालिकांना आदेशही दिले. तरी बाजारात फिरताना माझ्या पाच वर्षांच्या मुलीला लागली की मी कुठे नेऊ? जेन्ट्समध्ये मुताऱ्यांसमोरून तिला नेववत नाही. लेडीजमध्ये मी जाऊ शकत नाही, एकटीला सोडवत नाही. परवा एका अनोळखी बाईंना हात जोडले, त्या घेऊन गेल्या. बाहेर उभा राहून मी मुलीशी मोठ्याने बोलत होतो, तिला माझा आवाज ऐकू यावा म्हणून. वहिनी, एक तरी दार बिनपाटीचं ठेवा.

साडीवाली_वहिनी, कराड

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काल रात्री दुकान बंद झाल्यावर ह्यांना शेजारी बसवून मोबाईलवर वाचून दाखवलं. 'खोली आणि आडोसा' ऐकल्यावर हे म्हणाले, आपला जुना संडास आडोसाच होता की.

ठरलं ते सांगते. ४८ इंचांची खोली फक्त बायकांची. त्यात झाकणाची, पायाने उघडणारी बादली, पॅड गुंडाळायला कागद, आणि पर्स-ओढणी अडकवायला दाराला दोन हूक. ती बादली गोडाऊनचा पोरगा उचलणार नाही, सफाईवाल्या मावशी रोज उचलतील, त्याचे वेगळे पैसे देणार. मधली खोली बिनपाटीची, कुणासाठीही. म्हातारी माणसं, बाबाबरोबरची मुलगी, आणि नवरात्राआधी येणाऱ्या आमच्या त्या ताई. तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांची सोय करा असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या निकालात सरकारला सांगितलंय, हे माझ्या भाचीने दाखवलं. पण दुकानात त्यांच्यासाठी वेगळी पाटी लावली तर त्यांना परत सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागेल, म्हणून बिनपाटीचंच मला बरं वाटतं. ताईंचा फोन नंबर बिलबुकात आहे. या वर्षी साड्या आल्या की मी स्वतः कळवणार आहे, आणि बाथरूमचंही सांगणार आहे.

तिसरा_मजला ताई, तुमचं धुण्याचं वाचून मी पाचही पुरुषांना बसवून सांगितलं. मधली खोली आणि युरिनल दुपारी आणि संध्याकाळी बघायची पाळी त्यांची, वही लावणार. एक जण कुरकुरला. ह्यांनी पहिल्या दिवसापुढे स्वतःचं नाव लिहिलं, मग गप्प झाला.

गाळा_नंबर_९, तुमचा पाण्याचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडेही उन्हाळ्यात ओढ असते. तरी गिऱ्हाइकाला नाही म्हणणार नाही. खेड्यावरून सकाळच्या एसटीने लग्नाचा बस्ता बांधायला बाया येतात, चार-चार तास बसतात. त्यांना चहा द्यायचा आणि बाथरूम नाही म्हणायचं, हे मला जमणार नाही. बाजाराच्या दिवशी काय होतं ते बघू, टाकी मोठी घेतोय.

सुताराला सांगितलंय, तिन्ही दारांना आतून कडी, बाहेरून कोयंडा बसवायचाच नाही. तो दोनदा विचारून गेला, रात्री कुलूप कसं घालणार म्हणून. दुकानाच्या शटरला कुलूप असतं, ते पुरे.

ओळंबादादा, एकच अडलंय. ड्रेनेजचं चेंबर लेडीजच्या बाजूला आहे आणि युरिनल दुसऱ्या टोकाला, मध्ये दहा फूट. मंगळवारी कोबा घालणार आहेत. पाइपाला उतार किती ठेवायला सांगू?