नेमबाजीच्या इंजिनावर हातघाईची लढाई: ठोसा लागला की नाही, हे ठरवायचे कोणी?

प्रश्न (अर्धा_ठोसा)

गेले काही महिने मी फावल्या वेळात हाफ-लाइफ या 1998 सालच्या नेमबाजीच्या खेळावर ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) धाटणीच्या द्वंद्वयुद्धाचा एक छोटा मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून बनवलेली आवृत्ती, लिहीत आहे. ड्रॅगन बॉल झी या मालिकेवर चाहत्यांनी बनवलेला अर्थ्स स्पेशल फोर्सेस हा मॉड याच इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या याच मूळ प्रणालीवर, चालत असे. तो मी शाळेत असताना मनसोक्त खेळलो होतो, त्यामुळे हे काम अशक्य नाही याची मला खात्री आहे; पण ते त्या मंडळींनी नेमके कसे साधले असेल, हे मात्र अजून उमगलेले नाही.

कॅमेरा खांद्यामागे नेणे, गुरुत्वाकर्षण काढून पात्राला उडवणे आणि तळहातातून ऊर्जेचा झोत सोडणे ही कामे अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. झोतासाठी मूळ खेळातल्या एका बंदुकीचा किरणच वाढवून वापरला आहे. घोडे अडले आहे ते ठोशापाशी. दोन खेळाडू सेकंदाला 1500 एकक वेगाने एकमेकांवर झेपावतात आणि मला माझ्या पडद्यावर माझी मूठ समोरच्याच्या जबड्यावर बसलेली स्पष्ट दिसते, पण सर्व्हर (निकाल देणारा मुख्य संगणक) म्हणतो की काहीच लागले नाही. कधी नेमके उलटे होते, म्हणजे मी बाजूने निसटलेला असतो आणि तरीही मार खातो. एकाच खोलीतल्या दोन संगणकांवर हा दोष दिसत नाही. मित्राशी इंटरनेटवरून सुमारे 80 मिलिसेकंद पिंगवर (संदेश जाऊन परत येण्याच्या वेळेवर) खेळताना मात्र दहापैकी तीन-चार ठोसे तरी हवेत जातात.

ठोशाची तपासणी मी एका अदृश्य मुठीकडे सोपवली आहे. ही मूठ म्हणजे खेळाडूच्या पुढे तरंगणारी स्वतंत्र एंटिटी (खेळाच्या जगातली वस्तू) असून ती दर 0.05 सेकंदाला आसपास कोणी आहे का ते पाहते. हे अंतर आणखी कमी करावे, मुठीचा आकार वाढवावा, की हे इंजिनच या कामाला नालायक आहे असे समजून दुसरीकडे वळावे?

आणखी एक किरकोळ गोष्ट विचारून ठेवतो. झेपेचा वेग मी 2500 ठेवला, तर पात्र सरळ रेषेत तितक्या वेगाने जात नाही, पण तिरके उडाले की जाते. हे का होते?

उत्तर (जुनी_जाळी)

किरकोळ प्रश्न आधी निकालात काढतो. या इंजिनात वेगाची कमाल मर्यादा मूळ स्थितीत 2000 असते आणि ती एकूण वेगाला लागू होत नाही, तर प्रत्येक अक्षावरच्या घटकाला वेगवेगळी लागू होते. सरळ एका अक्षावर उडताना आपले 2500 छाटले जाऊन 2000 होतात. 45 अंशांत तिरके उडाल्यास दोन्ही घटक सुमारे 1768 भरतात आणि दोन्ही सहीसलामत सुटतात. सर्व्हरवर एसव्ही_मॅक्सव्हेलॉसिटी या सेटिंगची किंमत वाढवली की हा पक्षपात थांबेल.

आता मुठीकडे वळतो. आपण तिचा आकार वाढवलात तर आगीतून फुफाट्यात पडाल, कारण अडचण आकाराची नसून काळाची आहे. आपल्या पडद्यावर आपले स्वतःचे पात्र वर्तमानात असते, कारण क्लायंट (खेळाडूच्या संगणकावर चालणारा खेळ) सर्व्हरची वाट न पाहता आपली हालचाल आधीच करून दाखवतो. समोरचा मात्र भूतकाळातला असतो: त्याची बातमी आपल्यापर्यंत यायला 40 मिलिसेकंद लागतात, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून क्लायंट त्याला आणखी 100 मिलिसेकंद मागे ठेवून रंगवतो. आपला ठोसा सर्व्हरवर पोहोचेपर्यंत आणखी 40 जातात, म्हणजे एकूण 180 मिलिसेकंद झाले. 1500 एकक वेगाने उडणारा माणूस तेवढ्या वेळात 270 एकक पुढे गेलेला असतो आणि त्याच्या शरीराची रुंदी असते अवघी 32 एकक. ज्या जबड्यावर आपण ठोसा मारता, तो तिथून आठ शरीरे अंतर ओलांडून केव्हाच निघून गेलेला असतो. जमिनीवरून धावणाऱ्या मूळ पात्राचा वेग 320 च्या आसपास असल्यामुळे मूळ खेळात हीच चूक 58 एककांची भरते, आणि ती झाकायला इंजिनाकडे एक युक्ती आहे.

ती युक्ती म्हणजे लॅगची, म्हणजे जाळ्यातल्या उशिराची, भरपाई. एखाद्या खेळाडूची आज्ञा अमलात आणताना सर्व्हर बाकीच्या खेळाडूंना तेवढ्यापुरते मागे नेतो, म्हणजे आज्ञा देणाऱ्याला ते जिथे दिसत होते तिथे उभे करतो, निशाणा तपासतो आणि मग त्यांना पुन्हा जागच्या जागी ठेवतो. आपल्या मुठीला या सोयीचा काहीच लाभ मिळत नाही, कारण स्वतंत्र एंटिटीचा विचार सर्व्हर त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या फेरीत करतो आणि त्या वेळी सगळे खेळाडू वर्तमानात परतलेले असतात. तपासणी मुठीतून काढा आणि खेळाडूच्या आज्ञेबरोबर चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे जिथे मूळ खेळाच्या बंदुका चालतात तिथे, न्या. या भरपाईसाठी सर्व्हरवर एसव्ही_अनलॅग हे सेटिंग सुरू आहे ना आणि क्लायंटवर सीएल_एलसी व सीएल_एलडब्ल्यू या दोन्ही सेटिंगच्या किमती 1 आहेत ना, हेही एकदा पाहून घ्या.

तरीही एवढ्याने आपले पूर्ण समाधान होणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. मागे नेऊन न्याय करण्याच्या पद्धतीत मारणाऱ्याची बाजू नेहमी वरचढ राहते, आणि दोघेही मारणारे असतील तर दोघांचेही म्हणणे खरे ठरते. नेमबाजीत हे चालून जाते. हातघाईत मात्र दोघांनी एकाच क्षणी एकमेकांचे जबडे फोडले असा निकाल वारंवार लागतो आणि खेळाडू वैतागतात.

आपल्याला आठवत असलेल्या मॉडने काय केले ते आता नव्या नजरेने पाहा. तिथे झेप यशस्वी झाली की दोघे समोरासमोर यायचे आणि पुढची मारामारी बाणांच्या दिशा अचूक दाबण्यावर चालायची. दोन झोत एकमेकांना भिडले की दोघांची रेटारेटी सुरू व्हायची. ही मालिकेची नक्कल आहे असे वरवर वाटते, आणि ती आहेही, पण जाळ्याच्या (नेटवर्कच्या) दृष्टीने पाहिले तर तो एक शहाणपणाचा सौदा आहे. कोण कुठे आहे हा प्रश्न सर्व्हरने एकदाच, ढोबळपणे सोडवायचा आणि मग दोघांनाही थांबवून कोणी केव्हा काय दाबले एवढेच मोजायचे. जागा धरून ठेवली की 270 एककांची चूक शून्यावर येते. आपण ठोशाची तपासणी अधिकाधिक बारीक करत बसू नका. स्पर्श झाला असे सर्व्हरने म्हटल्याबरोबर दोघांचे वेग शून्य करा, तोंडे एकमेकांकडे वळवा आणि खरी लढाई तिथून पुढे सुरू करा.

उत्तर (स्थिरचित्र)

वरचे विवेचन मला पटले, पण त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याचा विचार राहून गेला आहे. मी ॲनिमेशनच्या बाजूने काम करते, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेत एकेक चित्र बऱ्याचदा तीन-तीन फ्रेम धरून ठेवलेले असते, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी वेगळी चित्रे आठच असतात. ठोसा बसण्याच्या क्षणी तर चित्र त्याहूनही जास्त वेळ थबकते, पार्श्वभूमी पांढरी होते आणि मगच समोरचा फेकला जातो. खर्च वाचवण्यासाठी आलेली ही पद्धत त्या शैलीची ओळख होऊन बसली. मॉडसाठी ती वरदान आहे. खेळाडूने बटण दाबल्याबरोबर त्याच्या पडद्यावर पात्र ठोशाच्या मुद्रेत 80 ते 100 मिलिसेकंद गोठवा, आणि तेवढ्या वेळात सर्व्हरचे उत्तर येऊ द्या. लागला असेल तर लखलखाट आणि आवाज. नसेल तर मूठ हवेतून पुढे सरकते. जाळ्यामुळे झालेला उशीर खेळाडूला अभिनयाचा भाग वाटतो.

हे या इंजिनात करायला गेलात, तर एका ठिकाणी नक्की ठेच लागेल. एका हालचालीतून दुसऱ्या हालचालीत जाताना मॉडेल रंगवणारा कोड 0.2 सेकंद दोन्ही मुद्रांचे मिश्रण करतो. चालण्यातून धावण्यात जाताना ते छान दिसते, पण ठोसा मात्र दह्यात हात घातल्यासारखा लिबलिबीत निघतो, कारण तो पूर्ण ताणला जाईपर्यंत संपत आलेला असतो. हा कोड क्लायंटच्या बाजूला, स्टुडिओमॉडेलरेंडरर या फाइलमध्ये आहे आणि तो आपल्याला बदलता येतो. तिथे ठोशाच्या हालचालींपुरते मिश्रण बंद करा. शिवाय हालचालीच्या आतल्या दोन फ्रेममध्येही इंजिन मधल्या मुद्रा स्वतःच भरते, म्हणून थबकलेली मुद्रा हवी असेल तर ती एकदाच ठेवून भागत नाही. तीच मुद्रा लागोपाठच्या फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा लिहावी लागते.

उत्तर (नकाशेवाला)

दोघांना जखडून ठेवण्याची सूचना सरसकट स्वीकारण्याआधी थोडे थांबावे, असे मला वाटते. उडण्याचे स्वातंत्र्य हाच या प्रकारच्या खेळाचा जीव आहे, आणि दर ठोशाला खेळाडूच्या हातातून पात्र काढून घेतले तर आपण खेळ दाखवत आहोत, खेळू देत नाही, अशी त्याची तक्रार होते आणि ती रास्त असते. साधा ठोसा मोकळा ठेवा, तो चुकला तरी नुकसान थोडे असू द्या. आणि जखडणे फक्त पूर्ण वेगाच्या झेपेसाठी राखून ठेवा.

दुसरे म्हणजे, आपण आडवे उडणारे पात्र बनवले असेल, तर त्याची टक्कर तपासणारा खोका आडवा होत नाही. मॉडेल माशासारखे आडवे पोहत असते आणि 32 बाय 32 बाय 72 एककांचा खोका मात्र रांगेतल्या विद्यार्थ्यासारखा ताठ उभा असतो. बंदुकीच्या गोळ्या मॉडेलच्या हाडांबरोबर फिरणाऱ्या हिटबॉक्सवर (अवयवांभोवतीच्या छोट्या खोक्यांवर) तपासल्या जातात, त्यामुळे त्यांना हा दोष जाणवत नाही. स्पर्शावर आधारलेल्या तपासणीला तो जाणवतो. आपले काही ठोसे तरी यामुळेच पायाला लागूनही हुकत असावेत.

नकाशाबद्दल, म्हणजे खेळाच्या मैदानाबद्दल, आपण काही विचारले नाही, पण लवकरच विचाराल. प्रत्येक अक्षावर उणे 4096 ते अधिक 4096 एवढीच जागा मिळते, म्हणजे 1500 वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला साडेपाच सेकंद पुरतात. पात्रे लहान करून मैदान मोठे भासवण्याचा मोह होतो, पण टकरीच्या खोक्यांची मापे नकाशा संकलित होतानाच त्यात मुरलेली असतात, त्यामुळे लहान झालेली पात्रे भिंतीपासून हातभर अंतरावर अडकतात. त्याऐवजी घरे, झाडे आणि डोंगर निम्म्या मापाचे करा. नजरेला मैदान दुप्पट वाटेल. क्वेक 3 अरीनाच्या इंजिनाचा कोड 2005 साली खुला झाला असल्यामुळे तिथे अशा मर्यादा मुळातूनच बदलता येतात, आणि त्यावरही याच मालिकेचे चाहते-मॉड झाले आहेत. पण आपले एवढे काम झालेले असताना आता घर बदलावे असे मी सुचवणार नाही.

पात्रांबद्दल एकच सांगतो. हाफ-लाइफचा मॉड-संच विनामूल्य मॉडसाठी दिलेला आहे, पण त्या परवानगीत दुसऱ्याच्या मालकीची पात्रे येत नाहीत. पैसे न घेतल्याने तो प्रश्न सुटतो असा गैरसमज सर्रास आढळतो. केस आणि पोशाख स्वतःचे काढा, शैली हवी तेवढी घ्या.

अर्धा_ठोसा

आपणा तिघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेले.

तपासणी मुठीतून काढून खेळाडूच्या आज्ञेत नेली आणि त्याच मित्राबरोबर त्याच पिंगवर पुन्हा खेळून पाहिले. हवेत जाणारे ठोसे जवळजवळ नाहीसे झाले, आणि त्यांच्या जागी जुनी_जाळी यांनी वर्तवलेले भूत हजर झाले: आम्ही दोघे एकाच वेळी एकमेकांना मारून एकाच वेळी मागे फेकले जाऊ लागलो. पूर्ण वेगाच्या झेपेपुरते जखडणे घातल्यावर ते थांबले. साधा ठोसा नकाशेवाला यांच्या सल्ल्याप्रमाणे मोकळाच ठेवला आहे.

मिश्रण बंद केल्याचा परिणाम मात्र मला सर्वांत अनपेक्षित वाटला. ठोशाचा एकही आकडा मी बदललेला नव्हता, तरी मित्राने आपण होऊन विचारले की ठोशाची ताकद वाढवलीस का. गोठवण्याचा काळ 100 मिलिसेकंद ठेवला तेव्हा खेळ जड वाटत होता. 70 वर बरा वाटतो, पण पिंग 80 असल्यामुळे कधीकधी लखलखाट किंचित उशिरा येतो. सध्या 85 वर तडजोड केली आहे.

आता तिसरा खेळाडू आला की काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो. दोघे जखडलेले असताना तो दूर उभा राहून निवांतपणे झोत सोडतो, आणि हे दोघे बिचारे हलूही शकत नाहीत.

जुनी_जाळी

त्याचा झोत त्या दोघांच्या दिशेने निघाल्याबरोबर जखडणे मोडू द्या. झोत तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ दोघांनाही सारखाच मिळेल, आणि निसटताना कोण कोणाला पुढे ढकलून जातो, हे आपल्या मित्रांवर सोडा. जखडणे सुटल्याची बातमी दोघांना वेगवेगळ्या वेळी पोहोचेल, म्हणून सुटण्याचा क्षण सर्व्हरने थोडा पुढचा ठरवून आधी कळवावा, म्हणजे जास्त पिंगवाला मागे राहणार नाही.